शब्द कुठं तोडायचा

त्या सकाळी जिना चढताना आपल्याला काय काय मिळणार आहे, याचा हिशोब तिनं घरूनच करून आणला होता. एक कायमची खुर्ची, तीही खिडकीजवळची. कामाची वेळ ठरलेली, म्हणजे संध्याकाळ आईसाठी मोकळी. शिवाय ‘अगं, अजून तुझं काही पक्कं नाही का?’ असं भेटेल तेव्हा विचारणाऱ्या मावशीचं तोंड बंद. सगळ्या बाबी जमेच्या, खर्चाच्या बाजूला काही म्हणजे काही नाही. असे हिशोब मांडणारी माणसं हुशार असतात, फक्त त्यांनी अजून जग पाहिलेलं नसतं.

छापखाना जुना होता. खाली यंत्रं, वर संपादनाची खोली आणि मधे शाईचा वास मुरलेला लाकडी जिना. इंग्रजी वैद्यकीय शब्दांचा एक जाडजूड कोश इथं तयार होत होता आणि त्याची प्रुफं तपासायला माणूस हवं होतं. मुलाखतीला अवघड शब्द विचारतील, म्हणून ज्वालामुखीची धूळ फुप्फुसात जाऊन होणाऱ्या आजाराचं मारुतीच्या शेपटीएवढं नाव तिनं पाठ करून ठेवलं होतं. एका पायरीला एक तुकडा, असं ते म्हणत ती चढत होती.

“न्यू… मो… नो… अल्… ट्रा… माय्… क्रो…”

जिना संपला. शब्द काही संपला नाही. एक पाय उचललेला, ओठांवर ‘व्हॉल्—’ आणि पुढं पायरीच नाही!

“म्हणून टाका ना पुढचं,” मागून आवाज आला. “ज्वालामुखी असा अर्धवट सोडू नये. धोक्याचा असतो.”

ती वळली. दोन पायऱ्या खाली एक तरुण उभा होता. शर्टाच्या कॉलरचं एक टोक आत दुमडलेलं, आणि चेहऱ्यावर असं हसू की रागवावं तर आपणच वेडे ठरू.

“जिना आखूड आहे,” ती म्हणाली.

“जिना बरोबर आहे. तुम्ही शब्द फार बारीक चिरलात. मी निम्म्या जिन्यात उरकला असता. न्यूमोनो — फुप्फुस. अल्ट्रा — पलीकडचं. मायक्रोस्कोपिक — सूक्ष्मदर्शकातून दिसणारं. सिलिको — गारगोटीचा चुरा. व्हॉल्केनो तर तुम्हाला भेटलाच. कोनी — धूळ. ओसिस — दुखणं. झाला!”

“आणि उरलेल्या निम्म्या जिन्यात काय केलं असतं?”

“काय करणार… तुमच्यामागून आलो असतो.”

तिनं मान फिरवली, पण हसू दाबायला तिला जरा उशीर झाला. दारावर टकटक करायला तिनं हात वर केला, तर त्याचाही हात वर आलेला. तेव्हा कुठं दोघांच्या लक्षात आलं, की खुर्ची एक आहे आणि बसायला आलेले दोन.

संपादिकाबाईंना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. चष्मा दोरीला, दोरी गळ्यात आणि नजर थेट समोरच्याच्या खोटेपणावर. त्यांनी दोघांनाही ठेवून घेतलं. कोशाचा पहिला अर्धा भाग हिच्याकडे, दुसरा त्याच्याकडे.

“प्रत्येक शब्द मधे ठिपके देऊन तोडून दाखवायचा आहे,” बाई म्हणाल्या. “तोडायचं कसं, यावर तुमचं आत्ताच जुंपलंय, दारातून ऐकलं मी. आपापल्या पद्धतीनं करा. शेवटच्या वाचनाला जी पद्धत मला पटेल, ती सगळ्या कोशाला. जिची पद्धत तिची खुर्ची, नाहीतर त्याची. दुसऱ्यानं आपला भाग पुन्हा करून द्यायचा आणि नमस्कार म्हणायचा. तोवर एकमेकांच्या कागदांत डोकवायचं नाही. चहा चार वाजता.”

कोपऱ्यात संगणकासमोर बसलेले जुळारीकाका गालातल्या गालात हसले. पूर्वी शिशाचे खिळे जुळवून ते मजकूर उभा करत. खिळे गेले, संगणक आला, पण नाव तेच राहिलं. दोघांनी कागदावर पेन्सिलीनं ठिपके मारायचे आणि काकांनी ते संगणकात चढवायचे, अशी रीत ठरली.

टेबलं समोरासमोर होती. कागदांत डोकवायला बंदी होती, तोंडाला नव्हती.

तिची पद्धत उच्चाराची. शब्द तोंडात जिथं श्वास घेतो, तिथं ठिपका. मोजायला ती डाव्या तळव्यावर उजव्या बोटांनी हलकेच टाळी देई. म्हणून त्यानं तिचं नाव ठेवलं टाळीबाई. त्याची पद्धत अर्थाची. शब्द ज्या मुळांपासून बनला, ती मुळं अख्खी राहिली पाहिजेत. कुठल्याही शब्दाचं खोदकाम सुरू केलं की हा पठ्ठ्या थेट ग्रीसपर्यंत जाई. म्हणून तिनं त्याला मूळपुरुष केलं.

“काय हो मूळपुरुष, हेलिकॉप्टर कुठं तोडाल?”

“हेलिको आणि प्टर. हेलिको म्हणजे गरगरीत वळणाचं, प्टर म्हणजे पंख.”

“प्टर! म्हणून दाखवा बरं नुसतं प्टर.”

त्यानं म्हणून दाखवलं. समोरच्या कागदावर शिंतोडा उडाला.

“बघा,” ती कागद पुसत म्हणाली, “जे तोंडातून धड निघत नाही, ते तोडणं बरोबर कसं?”

“आणि तुम्ही कार्डिओलॉजी कुठं तोडता?”

“कार्, डि, ऑ, लॉ, जी.” टाळीसकट.

“कार्डिओ म्हणजे हृदय, टाळीबाई! त्याचे तीन तुकडे केलेत तुम्ही. इतक्या सहज… हात थरथरला नाही तुमचा?”

“सवय आहे,” ती म्हणाली आणि खाली बघून ठिपके मारू लागली. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या. ते त्याला दिसलं, ते त्याला दिसलं हे तिला दिसलं आणि काकांना दोन्ही दिसलं.

त्यालाही ती खुर्ची हवीच होती. आजवर चार ठिकाणी तात्पुरता चिकटून तो चारही ठिकाणांहून सुटला होता. ‘एका जागी टिकून दाखव, मग माझ्याशी बोल,’ असं वडिलांनी फोनवर सुनावलं होतं. हे त्यानं तिला एका चहाला हसत हसत सांगितलं. हसण्याजोगं त्यात काही नव्हतं, हे तिला कळलं. पण म्हणून खुर्ची सोडायची? तिच्या घरी आई होती. चार वाजताचा चहा संपला की दोघं पुन्हा शत्रू.

एके दिवशी ती आलीच नाही. दिवसभर आईजवळ बसणाऱ्या शेजारच्या काकू आजारी पडल्या होत्या. दुपारी दार वाजलं. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि दारात मूळपुरुष उभा. हातात उघडी छत्री, आणि छत्रीखाली… प्रुफांचा गठ्ठा. स्वतः डोक्यापासून चपलांपर्यंत निथळत होता.

“बाईंनी पाठवलं. तुमचा पुढचा भाग. एक टिपूस पडू दिला नाही मी.”

“कागदांवर,” ती म्हणाली.

“हो, कागदांवर.”

“ओ… ला,” आतून आवाज आला. मग पुन्हा, जरा जोरानं, “टॉ… वेल!”

खिडकीशी खुर्चीत आई बसली होती. हयात प्रसूतिगृहात मुख्य परिचारिका म्हणून काढलेली बाई. शंभर शब्दांचा हुकूम एका दमात सोडणारी. वर्षापूर्वी मेंदूला झटका आला आणि शब्द कुठेतरी आतच अडकून बसले. समोरच्याचं सगळं कळायचं, पण बोलायला गेलं की हाती भलताच शब्द लागायचा. तिला पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या ताईंनी एक उपाय सांगितला होता — शब्द तोडा, टाळी द्या, एकेक तुकडा काढा. ती टाळी हिच्या हाताला तेव्हापासून चिकटली होती.

आपण जिची दोन महिने थट्टा केली ती टाळी ही, हे त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं. टॉवेल डोक्यावर घेऊन तो आईसमोरच्या खुर्चीत टेकला.

आईला त्या दिवशी एक जुना शब्द हवा होता. दवाखान्यातला. ती छातीकडं बोट करी आणि ‘इलेक्ट्रिक’ म्हणून थांबे.

“इलेक्ट्रोकार्डिओग्राम, आई? म्हण. इ, लेक्, ट्रो…”

“इ… लेक्… ट्रो…” आई थांबली. “ट्रो… बिल.”

“बिल नाही गं. पुन्हा. इ, लेक्, ट्रो, कार्…”

“इलेक्ट्रिक बिल,” आई वैतागून म्हणाली आणि स्वतःच डोळे मिटून घेतले.

पुन्हा केलं. परत पुन्हा केलं. दर खेपेला ही तितकीच हसून, जणू पहिलीच खेप आहे अशी टाळी देत होती. तो बघत होता. टाळीकडं कमी, तिच्याकडं जास्त.

“मी… जरा बघू का?” त्यानं खुर्ची पुढं ओढली. “आई, वीज असते ना, ती झाली इलेक्ट्रो. आता तारा लावायच्या. कुठं लावायच्या?”

आईनं डोळे उघडले. हात छातीवर ठेवला. आणि सहज, शेजारणीला हाक मारावी तसं म्हणाली, “कार्डिओ.”

“आणि कागदावर काय निघतं?”

“ग्राम!” आई जवळजवळ ओरडली. “इलेक्ट्रो-कार्डिओ-ग्राम. इलेक्ट्रोकार्डिओग्राम! टेबल… दोन नंबर… टेबल!”

दोन नंबरच्या टेबलावर कोण होतं, कधी होतं, देव जाणे. पण आई रडत होती आणि हसत होती. वर्षभरात इतका लांब शब्द तिच्या तोंडून अख्खा निघाला नव्हता. हिनं पटकन पाठ फिरवली आणि कारण नसताना कपाटातल्या बश्या सरळ केल्या.

तो निघाला तेव्हा तिला पुष्कळ बोलायचं होतं. ‘माझ्या आईला तिचा शब्द परत दिलात,’ असं काहीतरी. ओठांपर्यंत आलंही… पण दारात तिच्या तोंडून निघालं एवढंच, “छत्री तरी स्वतःवर धरा.”

“आता काय उपयोग,” तो म्हणाला. जिन्यावरून खाली जाताना तीनदा वळून बघितलं त्यानं. तिसऱ्या वेळी भिंतीला थडकला.

दुसऱ्या दिवसापासून संपादनाच्या खोलीत भलतीच शांतता पसरली. हेलिकॉप्टर नाही, प्टर नाही. दोघं माना खाली घालून ठिपके मारत. तिनं रबर आणलं होतं. आपल्या भागातले जुने ठिपके खोडून ती नवे मारत होती, पहिल्या पानापासून. आई अर्थाच्या काठीनं चालली, उच्चाराच्या नाही, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पद्धत त्याची खरी. आणि आपलाच भाग त्याच्या पद्धतीनं केला, की अख्ख्या कोशाला एकच पद्धत होणार. बाईंना निवडायलाच काही उरणार नाही, खुर्ची आपोआप त्याची. आभार मानायला तोंड उघडत नव्हतं ना? मग हेच आभार. मावशीला काय सांगायचं ते नंतर बघू.

खुर्ची जाणार, हा विचार आला की रबर जरा जास्तच जोरात घासलं जायचं. ती कागदावरची भुकटी फुंकायची आणि पुढचा ठिपका खोडायची.

रबर त्याच्याही टेबलावर होतं, एवढं तिच्या लक्षात आलं होतं. तिला वाटलं, चुका होत असतील बिचाऱ्याच्या.

शेवटच्या वाचनाची या छापखान्यात एक जुनी रीत होती. भाग अदलाबदल करायचे आणि एकमेकांचे मोठ्यानं वाचायचे. जिथं ठिपका, तिथं पेन्सिलीनं टेबलावर टक. बाई डोळे मिटून ऐकत बसत. कान फसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

“टाळीबाई, सुरू करा,” बाईंच्याही तोंडी ते नाव बसलं होतं.

तिनं त्याचा भाग पुढं ओढला. मूत्रपिंडाच्या शास्त्राचा शब्द होता. नेफ्रो, टक, लॉजी, असा एका ठोक्यात आटपेल अशा तयारीनं तिनं तोंड उघडलं.

“ने—” टक. “फ्रॉ—” टक. “लॉ—” टक…

ती थांबली. खालचा शब्द पाहिला. त्याच्या खालचा. पान उलटलं. प्रत्येक ठिपका तिथंच होता, जिथं तिची टाळी पडली असती. अगदी श्वासाच्या जागी. कोणीतरी तिच्या जिभेवर कान ठेवून हे पान लिहिलं होतं.

“काय झालं?” बाईंनी डोळे मिटूनच विचारलं.

“काही नाही… घसा.”

“पाणी प्या. तुम्ही वाचा हो मूळपुरुष.”

त्यानं तिचा भाग घेतला. सहज म्हणून सीच्या पानावर बोट ठेवलं.

“कार्डिओ—” टक. “लॉजी.”

एकच ठोका. पेन्सिल हवेत राहिली. त्यानं मान वर केली. कोपऱ्यात काका उगाचच संगणकाची काच पुसत होते.

“हृदय… अख्खं आहे,” तो हळूच म्हणाला.

“हो,” ती म्हणाली. “हात थरथरला.”

बाईंनी डोळे उघडले. चष्मा चढवला. एक भाग पाहिला, दुसरा पाहिला आणि दोन्ही टेबलावर आपटले.

“म्हणजे दोन महिने भांडून दोघांनी नुसत्या जागा बदलल्या! कोशाला अजूनही दोन पद्धतीच. दोघांनी खुर्ची सोडली, आता काय मी बसू त्या खुर्चीवर?”

“खुर्ची त्यांना द्या, बाई,” दोघं एकदम बोलले.

“कारण?” बाईंनी त्याच्याकडं पेन्सिल रोखली.

“अर्थ मला सगळ्या शब्दांचे माहीत होते,” तो म्हणाला. बोलत होता बाईंशी, बघत होता हिच्याकडं. “पण एकेक तुकडा कुणाच्या तोंडापर्यंत पोचवायला… न कंटाळता, दर खेपेला नव्यानं हसून… ते मला कधी जमलं नसतं. ते पाहिलं, आणि मग माझं बरोबर आहे असं म्हणवेना.”

“आणि तुमचं?”

“त्यांनी माझ्या आईला तिचा शब्द काढून दिला,” ती म्हणाली. “आभार मानायचे राहिले होते. ते… हे.” तिनं प्रुफांकडं बोट केलं. आणि मग, बाई समोर असूनही, काका ऐकत असूनही, तिच्या तोंडून निघून गेलं, “तुझे.”

दोन महिन्यांचं ‘तुम्ही’ त्या एका शब्दात खाली उतरलं. त्याच्या चेहऱ्यावरचं ते जिन्यातलं हसू आता कुठंच नव्हतं. त्याजागी जे होतं, त्याच्याकडं बघताना तिला नजर वळवावीशी वाटली नाही.

“पुरे,” बाई म्हणाल्या, पण आवाज मऊ झाला होता. “हा कोश डॉक्टर वाचणार, आणि त्यांना अर्थ हवा. पद्धत अर्थाची. म्हणजे पहिला अर्धा भाग तयार आहे, दुसरा पुन्हा करायचा. जिचं काम तयार, तिची खुर्ची. तुम्ही, मूळपुरुष, स्वतःची बरोबर असलेली पद्धत टाकून दिलीत. मला माणूस म्हणून आवडलात, मुद्रितशोधक म्हणून नाही. आठवडाभरात भाग नीट करून द्या आणि…”

“नमस्कार,” तो म्हणाला.

तिनं तोंड उघडलं, त्यानं मानेनंच नको म्हटलं. चहाला दोघं गॅलरीत उभे राहिले. वारं होतं, कप हातात निवत होते.

“म्हणजे मी हट्ट धरून बसलो असतो,” तो विचार करत म्हणाला, “तर दोन्ही भाग अर्थाचे झाले असते. खुर्ची माझी.”

“हो.”

“आणि तू?”

“मी आभार मानून घरी गेले असते. फार तर तुला ‘अहो’ म्हणत राहिले असते, जन्मभर.”

“तसं ‘अहो’ जन्मभर म्हटलंस तरी माझी हरकत नाही,” तो म्हणाला, आणि काय बोलून गेलो ते कळल्यावर कपात तोंड घातलं. कप रिकामा होता.

ती हसली नाही. “वडिलांना काय सांगशील? टिकून दाखव म्हणाले होते.”

“सांगेन, जागा नाही मिळाली टिकायला. माणूस मिळालं… मिळालं ना?”

“हो,” ती म्हणाली. त्या हो-ला ना ठिपका होता, ना टाळी.

आता राहिला जमाखर्च. तिला खुर्ची मिळाली, खिडकीजवळची. मावशीचं तोंड बंद झालं नाही, तिनं नुसता प्रश्न बदलला. त्याची खुर्ची गेली. महिन्याभरानं त्याला लहान मुलांची पुस्तकं छापणाऱ्या एका ठिकाणी काम मिळालं, जिथं सगळ्यांत लांब शब्द ‘एलिफंट’ होता. वरवर पाहता किंमत त्यानं मोजली. पण खरा आकडा तिला कळला होता तो त्याआधीच, निवाड्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी. काही कागद राहिले म्हणून ती छापखान्यात गेली, तर संगणकासमोर जुळारीकाका एकटेच. त्याचा अख्खा अर्धा कोश ते पहिल्या शब्दापासून पुन्हा चढवत होते, ठिपक्यामागून ठिपका. लेकीकडं नातू बघायला जायचं त्यांनी दोनदा पुढं ढकललं होतं.

“काका, दोघांचे बदललेले ठिपके तुम्हीच चढवलेत ना?” तिच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. “म्हणजे तुम्हाला आधीच…”

“तुमची रबरं आली त्याच आठवड्यात.”

“मग बोलला का नाहीत? तेव्हाच सांगितलं असतं तर हे सगळं वाचलं असतं तुमचं!”

“सांगितलं असतं तर तुमच्यातल्या एकानं निमूट ठिपके परत फिरवले असते,” काका पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. “कोश वेळेवर झाला असता आणि तुम्ही दोघं आपापल्या घरी वेळेवर गेला असता. त्यापेक्षा माझे दोन रविवार गेले… स्वस्तात पडलं.”

तिनं खुर्ची ओढली, त्यांच्या शेजारी बसली आणि पुढचा शब्द वाचून दाखवू लागली. थोड्या वेळानं तोही आला, काकांसाठी चहा घेऊन. प्रेम केलं दोघांनी, निवाडा केला बाईंनी आणि किंमत मोजली काकांनी — आधीच बघून, समजून, एक शब्द न बोलता.